खोडरबराची सही

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या ऑफिसात खोडरबर म्हणायचे. त्याला याचा भारी राग. आईबाबांनी विचार करून ठेवलेलं नाव त्याला कधी शोभलं नाही, हे मात्र मापाने शिवल्यासारखं बसलं होतं.

वाहन चालवायचे परवाने देणाऱ्या कार्यालयात तो चौदा वर्षं बॅकएंड प्रोग्रामर होता. म्हणजे नक्की काय करतोस, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, लोकांना पडद्यावर दिसतं ते पुढचं, आणि ते दिसावं म्हणून मागे जे चालतं ते माझं. म्हणजे कुणाला दिसत नाही ते काम, एवढं मला कळलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिसत नाही म्हटलं की मी लगेच भिंग शोधायला लागते, पण याच्या कामासाठी माझ्याकडे नंबर नव्हता.

त्या कार्यालयात खिडकीवर बसणारी माणसं दिवसभर चुका करत. जन्मसाल टाकताना नऊच्या जागी आठ दाबलं की धडधाकट ड्रायव्हर एका दमात शंभर वर्षांनी म्हातारा व्हायचा. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोचा फोटो चढायचा. मग ती माणसं हळूच याच्या टेबलाशी येत आणि आवाज खाली आणून 'जरा बघ ना' म्हणत. हा डेटाबेसमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदी साठवलेल्या असतात तिथे, मागच्या मागे शिरायचा आणि एक ओळ लिहायचा. चूक गायब. साहेबांना पत्ता नाही, ज्याचा परवाना त्यालाही नाही. पुढच्या आठवड्यात तोच माणूस तीच चूक घेऊन पुन्हा हजर. चुकणाऱ्यांना बढत्या मिळाल्या आणि हा होता तिथेच राहिला.

चूक पुसायचं हे वेड त्याला कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. आमची आई चौतीस वर्षं प्रसूतीगृहात वॉर्ड सिस्टर होती. भाऊ जन्मला तोही तिच्याच वॉर्डात. त्या दिवशी माणसं कमी होती, म्हणून बाळंत होऊन चार तास झाले नाहीत तोच तिने पलंगावर रजिस्टर मागवलं आणि दिवसाच्या नोंदी स्वतः करायला घेतल्या. सकाळपासून ओळीने सात मुली झाल्या होत्या. हाताला सवय लागलेली. आठव्या ओळीत तिने पोटच्या मुलापुढेही 'मुलगी' लिहिलं. लक्षात आल्यावर शब्दावर एक रेघ मारली, वर 'मुलगा' लिहिलं, बाजूला सही केली आणि तारीख घातली. भावाच्या जन्मदाखल्यावर आजही शेरा आहे: 'मुलगी' ऐवजी 'मुलगा' वाचावे. शाळेत घालताना, नोकरी लागताना, लग्न नोंदवताना, दर वेळी टेबलामागच्या कारकुनाने तो शेरा मोठ्याने वाचला आणि मग मान वर करून याच्याकडे खात्री केल्यासारखं पाहिलं. कोरा दाखला मिळावा म्हणून याने अर्जावर अर्ज केले. आई म्हणायची, सही माझी आहे, मी ती मागे घेणार नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी त्याच्या डोक्यात ब्लॉकचेन शिरली.

बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स होता. शिकवणारा माणूस प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला बजावायचा की आता जग दोन भागांत वाटलं जाणार आहे आणि तुम्ही कुठल्या भागात पडाल ते हा धडा ठरवेल. भाऊ जेवतानाही कानात ते धडे घालून बसायचा. एकदा भावजयीला म्हणाला, या घरात सगळी सत्ता स्वयंपाकघरात एकवटली आहे, ती विकेंद्रित झाली पाहिजे. तिने शांतपणे खरकटी भांडी त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. त्या दिवसापासून घरापुरती तरी ती चळवळ थंडावली.

ब्लॉकचेन म्हणजे काय, ते त्याने आम्हाला जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. एक वही आहे असं समजा, म्हणाला. तिच्या हजारो प्रती हजारो घरांत आहेत. कुणीही काही लिहिलं की सगळ्या प्रतींत ते एकदम उमटतं. नवं लिहिता येतं, जुनं खोडता येत नाही. पान फाडता येत नाही. खुद्द लिहिणाऱ्यालाही नाही. आई चष्मा पुसत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आमचं वॉर्डाचं रजिस्टर." भावाचं तोंड एवढंसं झालं. जगातलं सर्वांत नवं तंत्रज्ञान आहे आई हे, असं तो म्हणाला. आई म्हणाली, असेल बाबा, आमच्याकडे ते पुठ्ठ्याच्या बांधणीचं मिळायचं.

मला तेव्हाच विचारायचं होतं की अरे, जन्मभर तू चुका पुसत आलास आणि आता जिथे पुसायचीच सोय नाही अशा धंद्यात कशाला तडमडतोयस? विचारलं नाही. मोठी बहीण असल्याचे जे थोडे तोटे आहेत, त्यातला एक म्हणजे आपण नको म्हटलं की धाकटे हटकून तेच करतात. न बोलताही त्याने तेच केलं.

त्याने राजीनामा दिला. निरोपाला ऑफिसात चहा झाला. साहेब बोलायला उभे राहिले आणि शेजारच्याला कानात विचारलं, हे कोण? मग म्हणाले, यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने, चौदा वर्षांत यांच्या कामाचा कधी प्रश्नच आला नाही. टाळ्या झाल्या. नाव घ्यायचं राहूनच गेलं. भाऊ घरी येऊन हे सगळं हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

नव्या कंपनीचं नाव अढळ. तिथे खुर्च्या नव्हत्या, बसायला मऊ मऊ गोण्या होत्या. गोणीत बसलेला माणूस स्वतःहून उठू शकत नाही. कुणी नोकरी सोडून जाऊ नये म्हणूनच त्या ठेवल्या असाव्यात. मालक सव्वीस वर्षांचा होता, पण त्याला मालक म्हणायचं नाही, संस्थापक म्हणायचं. मुलाखतीत त्याने भावाला विचारलं, बॅकएंडमध्ये किती वर्षं होतात? चौदा, असं ऐकल्यावर आजारपणाची चौकशी केल्यासारखा 'अरेरे' म्हणाला आणि नोकरी दिली. अढळचा धंदा असा की शाळा-कॉलेजांचे दाखले साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या त्या वहीत, चढवायचे. कागद हरवतो, भिजतो, खोटा करता येतो. साखळीवरचा दाखला जगबुडी झाली तरी तसाच. चौकोनी चिन्हावर फोन धरला की दाखला समोर.

पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते नर्सिंग कॉलेज. आणि त्याच वर्षी त्या कॉलेजातून माझी लेक बाहेर पडली, प्रथम श्रेणीत. तिचे बाबा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचं गणित मामाने घेतलं, सायकल मामाने शिकवली, आणि ती नर्स होणार म्हटल्यावर घरात सर्वांत मोठ्याने मामाच ओरडला. आता तिचा दाखला मामाच्या हातून साखळीवर चढणार होता. भावाला आकाश ठेंगणं झालं होतं. मलाही, खोटं कशाला बोलू.

कॉलेजाने समारंभ केला. प्राचार्यबाईंनी व्यासपीठावर जाहीर केलं की आजपासून आमच्याकडे कागदी दाखला बंद. दालनात दगडी पाटी बसवली, तिच्यावर साखळीचा पत्ता कोरलेला, अर्थ न लागणारी ती लांबलचक अक्षरं. संस्थापकाने सांगितलं की चूक ही गोष्ट आता इतिहासजमा झाली. एकशे ऐंशी मुलींचे दाखले एका क्षणात चढले. फोटो निघाले. दाखले उघडून कुणी पाहिले नाहीत.

तीन आठवडे गेले. मोठ्या इस्पितळात लेकीची निवड झाली होती, सोमवारी सकाळी दहाला रुजू व्हायचं होतं. आधीच्या मंगळवारी तिथल्या कचेरीतून फोन आला की तुमच्या दाखल्यावर अनुत्तीर्ण असं दिसतंय. सोमवारपर्यंत बरोबर दाखला दाखवा, नाहीतर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला बोलवावं लागेल. लेक माझ्या दुकानात उभी होती. फोन खाली ठेवला आणि नंबर तपासायच्या खुर्चीत मटकन बसली. कॉलेजात विचारलं तर प्राचार्यबाई म्हणाल्या, आमची यादी बरोबर आहे, ही तुमच्या मुलीची प्रथम श्रेणी माझ्यासमोर आहे, पण कागद तर आम्ही बंद केला. जाहीर करून.

दुकानाला कुलूप घातलं आणि तडक अढळमध्ये गेले. तिथे गोणीत बसले ही माझी चूक झाली. पुढचं सगळं भांडण मला खालून वर बघत करावं लागलं. भावाने लेकीचा दाखला उघडला. मग तिच्या वरचा, खालचा, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. नावं सगळी बरोबर होती. निकाल मात्र प्रत्येकीला तिच्या खालच्या मुलीचा लागला होता. माझ्या लेकीच्या खालची मुलगी नापास, म्हणून लेक नापास. त्या नापास मुलीच्या खालची पास, म्हणून ती पास. यादीतल्या शेवटच्या मुलीपुढे तर निकालाची जागाच कोरी.

"आम्ही शून्यापासून मोजतो, ताई," तो म्हणाला.

"मग मोजा की. माझ्या पोरीला कशाला त्यात ओढता?"

मग बाहेर आलं ते असं. कॉलेजाच्या यादीत पहिल्या ओळीत मथळे होते. नावं वाचताना याने ती ओळ बरोबर सोडली, निकाल वाचताना एक ओळ जास्त सोडली. आधी चाचणी केली नव्हती का? केली होती. एक नाही, एकशे ऐंशी ओळींची. पण खोटी नावं कोण शोधत बसणार, म्हणून सगळ्या ओळींत नाव 'अबक' आणि निकाल 'उत्तीर्ण'. सगळ्याच पास, मग कुणाचा निकाल कुणाला गेला हे दिसणार कसं? शेवटची ओळ तेवढी कोरी आली होती, पण तिथवर खाली कुणी गेलंच नाही. आमच्या दुकानात रिकामी फ्रेम घालून कुणी म्हणावं की मला छान दिसतंय, तशातला प्रकार. मी हे त्याला सांगितलंही. तो फक्त एकदा म्हणाला की पूर्वी असतं तर एक ओळ लिहिली असती.

मग संस्थापक आला. त्याने आधी मला गोणीतून उठवलं, तेवढा एक उपकार. मग म्हणाला, चूक हा शब्द आम्ही वापरत नाही. नव्या साखळीवर नव्याने दाखले चढवा, असं भावाने सुचवलं. संस्थापक म्हणाला, वाटेल तेव्हा जागा बदलायची तर मग अढळ कशाला म्हणायचं, आणि त्या दगडी पाटीचं काय? त्याच्या मते यावर साखळीच्या जगभरच्या सभासदांचं मत घ्यायला हवं होतं. दोन महिन्यांत निकाल लागला असता. आणि एक लक्षात घ्या, म्हणाला, नापासाच्या पास झालेल्या अकरा मुलींकडून एकही तक्रार आलेली नाही. यातून गिऱ्हाइकाचं समाधानच दिसतं, असं त्याचं म्हणणं. मी तोंड उघडणार तेवढ्यात भावाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. अजूनही वाटतं, जरा उशिरा धरलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी तो आईपुढे येऊन बसला. लेकही होती. ती मामाशी अजून एक शब्द बोलली नव्हती, आणि तिचं न बोलणं त्याला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, दाखल्यात शेऱ्याचा रकाना आहे का? होता. हजेरी, वर्तन वगैरे पुढेही लिहिता यावं म्हणून कॉलेजाने मागून घेतला होता. त्यात नवी ओळ भरता येते? येते, तो म्हणाला, ज्याने दाखला चढवला त्याला आणि कॉलेजाला, स्वतःच्या सहीने.

"मग रडतोस कशाला?" आई म्हणाली. "खोडायचं नसतंच. आधीचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, खरं काय ते लिहायचं, आणि बाजूला सही. ज्याचं चुकलं त्याची एक, वरच्या सिस्टरची एक. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, इंजेक्शन नंतर."

भाऊ हळूहळू बोलला. या धंद्यात साखळीवरच्या नोंदी हेच माणसाचं प्रगतिपुस्तक. नोकरी देणारे तेच उघडून वाचतात. तिथे एकशे ऐंशी ठिकाणी चूक माझी असं स्वतःच्या नावाने लिहिलं, तर ते तो मेल्यावरही राहणार होतं. चाळिशी उलटल्यावर नव्याने सुरुवात केलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार?

"माझीही सही कायमचीच आहे," आई म्हणाली. "तुझ्याच दाखल्यावर. मला कुणी कामावरून काढलं नाही."

गुरुवारी तो एक मसुदा घेऊन आला. संस्थापकाने पाठवला होता. शेऱ्यात एवढंच लिहा, बाकी काही नको: 'नोंद अधिक समृद्ध करण्यात आली आहे.' ना नाव, ना सही. भावाने तो वाचून दाखवला, आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं की हा विरघळलाय. आईने विचारलं, कुणी केली? तो म्हणाला, करण्यात आली. आपोआप? असं तिने विचारलं. तेव्हा लेक तीन दिवसांत पहिल्यांदा मामाशी बोलली.

"मामा, मी उद्या वॉर्डात चुकीचं औषध दिलं, तर असंच लिहू?"

त्याने मसुदा घडी करून खिशात टाकला. पुढे तो कागद कुठे गेला मला माहीत नाही.

शुक्रवारी त्याने आधी त्या अकरा मुलींना फोन केले. याची गरज नव्हती, त्यांना त्यांचे खरे निकाल माहीत होते. पण साखळीवर जगाला पास दिसत असताना आपल्या हाताने नापास लिहायचं, तर निदान सांगून लिहावं, असं त्याला वाटलं. दोघींनी शिव्या घातल्या. एक रडली. माझ्या लेकीच्या खालची जी होती, ती म्हणाली, मला माहीत होतं सर, मी रोज उघडून बघायचे, वाटायचं अजून एक दिवस राहू दे. हा तिला म्हणाला, पुन्हा परीक्षा दे, त्याखाली उत्तीर्णची ओळही लिहिता येईल. फोन ठेवल्यावर तो माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बराच वेळ भिंतीवरची अक्षरं बघत बसला, जी मी गिऱ्हाइकांना वाचायला लावते. सगळ्यात खालची ओळ मात्र त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हती, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

शनिवारी त्याच खोलीत बसून त्याने शेरे लिहिले. प्राचार्यबाईंना त्याने सगळं समजावलं तेव्हा त्या मुळीच घोळात पडल्या नाहीत. म्हणाल्या, रेघ मारून सही ना, मग आधीच का नाही सांगितलंत? त्याही जुन्या नर्सच. त्यांनी घरून एकेका शेऱ्याखाली दुसरी सही केली. एकशे ऐंशी शेरे एका दमात लिहील असा कोड याला पाच मिनिटांत लिहिता आला असता. मी तसं विचारलंही. तो म्हणाला, एका दमात केलं म्हणूनच झालं ना हे. एकेक शेरा हाताने लिहायचा, मोठ्याने वाचायचा, लेक कॉलेजाच्या यादीवर बोट ठेवून 'बरोबर' म्हणायची, मग सही. दुपारी गिऱ्हाइकं आली तर त्यांना मी सांगितलं, आज डोळे तपासणं बंद, आत दुसरीच तपासणी चालू आहे.

सोमवारी सकाळी दहाला लेकीबरोबर मीही इस्पितळात गेले. मेट्रनबाईंनी लेकीच्या फोनवरच्या चौकोनी चिन्हावर आपला फोन धरला. पडद्यावर आलं अनुत्तीर्ण. त्यांनी भुवया वर केल्या, बोटाने पडदा खाली सरकवला, आणि कारकुनाला ऐकू जावं म्हणून शेरा मोठ्याने वाचला. वरील निकाल चुकीचा आहे. बरोबर निकाल: उत्तीर्ण, प्रथम श्रेणी. चूक माझी. मग भावाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग प्राचार्यबाईंचं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा मामा," लेक म्हणाली.

मेट्रनबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. इथे चुकलीस तर असंच करायचं, एवढं म्हणाल्या आणि तिच्यापुढे हजेरीचं पुस्तक सरकवलं.

भाऊ दुपारी दुकानात आला. अढळने त्याला सकाळीच कामावरून कमी केलं होतं, आणि कमी केल्याचं पत्र कागदावर दिलं होतं. त्याच पत्रात खाली छापलं होतं की अढळ आता घेऊन येत आहे कबुलीचा रकाना, जगात प्रथमच. मी वाचून कपाळाला हात लावला. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की पोरगी रुजू झाली का.

झाली, मी म्हणाले.

"शेरा वाचला त्यांनी?"

"मोठ्याने. तुझं नावसुद्धा. पूर्ण."

तो स्टुलावर बसला. चष्मे पुसायचं फडकं उचलून उगीच हातात घोळवत राहिला. मग म्हणाला, "चौदा वर्षांत कामावर माझं नाव कुणी मोठ्याने वाचलं नव्हतं, ताई." आणि रडायला लागला. मी दुकानाचं दार ओढून घेतलं, आणि त्याला तपासायच्या खुर्चीत बसवून खालून दुसरी ओळ वाचायला सांगितली.